पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा: हार्मोनचं क्रीम की झाडपाल्याचं जेल?

मांजराकाठ (लातूर)

मैत्रिणींनो, या विषयावर आपण सख्ख्या बहिणीजवळसुद्धा अर्धंच बोलतो. इथं पूर्ण लिहिते.

माझं वय ५१, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पाळी जाऊन अडीच वर्षं झाली. गरमीचे झटके आणि रात्रीचा घाम आता बराच कमी झालाय, पण खालचा कोरडेपणा वाढतच चाललाय. सुरुवातीला फक्त नवऱ्याजवळ जाताना दुखायचं. आता सलग तास घेतले की चालताना चुरचुरतं, लघवीला गेलं की आग होते, आणि लघवीचा जंतुसंसर्ग तर पाठच सोडत नाही. गोळ्यांचा कोर्स केला की थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच.

इथल्या डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि आत लावायला एस्ट्रिऑलचं क्रीम लिहून दिलं. घरी येऊन डबीतला कागद वाचला तर त्यात स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात असं सगळं छापलेलं. जाऊबाई म्हणाल्या, हार्मोनच्या नादी लागू नका, शतावरी घ्या. शाळेतल्या मैत्रिणीनं एका ऑनलाइन जेलचा फोटो पाठवला: 'शंभर टक्के वनस्पतिजन्य, हार्मोनविरहित', आत सोया आणि याम नावाचा कंद. क्रीमची ट्यूब कपाटात तशीच आहे.

हे हार्मोन लावणं खरंच इतकं धोक्याचं आहे का? आणि झाडपाल्यानं काम होत असेल तर तेच का करू नये? ज्यांना अनुभव आहे किंवा माहिती आहे त्यांनी मोकळेपणानं लिहा.

सौ_निलंगा

ताई, अगदी माझीच कहाणी लिहिलीत. मी रात्री खोबरेल तेल लावते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, सकाळी पुन्हा चुरचुर सुरू. मालकांना वाटतं मला आता त्यांचा कंटाळा आलाय. दुखतं म्हणून सांगायचीही लाज वाटते. धागा वाचत राहीन.

डॉ_अजिंठा (स्त्रीरोग, छत्रपती संभाजीनगर)

मांजराकाठ ताई, चांगलं केलंत विचारलंत. तुमचा कोरडेपणा आणि लघवीचा त्रास हे दोन आजार नाहीत, एकाच कारणाची ही दोन रूपं आहेत.

योनीमार्ग, मूत्रमार्गाचं तोंड आणि मूत्राशयाचा खालचा भाग, हे सगळं इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनवर पोसलेलं असतं. इस्ट्रोजेन असतं तेव्हा योनीचं आतलं अस्तर जाड राहतं आणि त्याच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठते. त्या साखरेवर लॅक्टोबॅसिलस हे चांगले जंतू जगतात आणि आम्ल तयार करतात, म्हणून तिथला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ३.५ ते ४.५ असा आंबट राहतो. पाळी गेली की इस्ट्रोजेन उतरतं, अस्तर पातळ होतं, साखर संपते, चांगले जंतू उपाशी मरतात आणि पीएच ५ च्या वर जातो. मग गुदद्वाराकडचे जंतू पुढं सरकतात आणि लघवीचा संसर्ग होतो. दरवेळी अँटिबायोटिक दिलं तरी मूळ जागा तशीच राहते, म्हणून तो परत येतो.

पूर्वी याला नुसतं योनीचा दाह म्हणायचे. २०१४ पासून 'जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज' असं नाव आहे, कारण लघवीच्या तक्रारीही त्यातच धरल्या गेल्या. गरमीचे झटके काही वर्षांनी आपोआप ओसरतात. हा त्रास मात्र उपचाराशिवाय जात नाही, बहुतेकींचा वाढतच जातो. 'वयाचं आहे, सोसायचं' असं सांगून बाईला परत पाठवणं मला बिलकूल पटत नाही.

आता डबीतल्या कागदाबद्दल. ती भीती अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासातून आली. त्यातल्या एका भागात १६,६०८ बायका होत्या, सरासरी वय ६३. त्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन्ही हार्मोनच्या गोळ्या रोज पोटातून दिल्या होत्या. जुलै २००२ मध्ये तो भाग थांबवला, कारण स्तनाचा कॅन्सर, गुठळ्या, पक्षाघात यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. स्तनाच्या कॅन्सरची वाढ होती दर १०,००० बायकांमागे वर्षाला ८ जणींची. त्यानंतर इस्ट्रोजेन असलेल्या प्रत्येक औषधावर, मग ते पोटातून घ्यायचं असो की आत लावायचं, एकच इशारा छापला जाऊ लागला.

पण मात्रा बघा. आत ठेवायच्या एस्ट्राडिऑल या इस्ट्रोजेनच्या गोळीत १० मायक्रोग्रॅम औषध असतं. पहिले दोन आठवडे रोज एक, मग आठवड्यातून दोन. वर्षभराची बेरीज होते १.१४ मिलिग्रॅम. पोटातून घ्यायची साधी गोळी रोजची १ मिलिग्रॅमची असते. म्हणजे तिथं एका दिवसात जातं तेवढं इथं वर्षभरात. याच अभ्यासातल्या बायकांवर लक्ष ठेवून २०१८ मध्ये निष्कर्ष आला की फक्त योनीतून इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर किंवा हृदयविकार वाढलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनीही पाकिटावरचा तो ठळक इशारा काढण्याचं जाहीर केलं.

तुम्हाला दिलेलं एस्ट्रिऑल हे तर शरीरातल्या तीन इस्ट्रोजेनांपैकी सौम्य. तुमच्या वारंवारच्या लघवीच्या संसर्गावर याचाच अभ्यास १९९३ मध्ये झाला होता. रोज रात्री ०.५ मिलिग्रॅम दोन आठवडे, मग आठवड्यातून दोनदा, असं आठ महिने. ज्यांना बिनऔषधी क्रीम दिलं त्यांना वर्षाला सरासरी ५.९ वेळा संसर्ग झाला. एस्ट्रिऑलवाल्यांना ०.५.

मांजराकाठ

मॅडम, हा आकडा मला कुणीच सांगितला नव्हता. मला गोळ्या देणाऱ्या एकाही दवाखान्यात 'पाळी गेली का' एवढंही विचारलं नव्हतं.

पण मग तो वनस्पतीचा जेल? त्यानंही तेच साधत असेल तर?

परभणीकर_वसू

सोयाबीनवर मी थोडं लिहू शकते. आमच्या घरात कृषी विद्यापीठाचं बियाणं पेरलं जातं आणि अन्नतंत्र हा माझा विषय आहे.

सोयाबीनमध्ये जेनिस्टिन आणि डेडझिन हे आयसोफ्लेव्होन असतात. त्यांची घडण इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती आहे, म्हणून ती इस्ट्रोजेनच्या जागी हलकेच बसतात. आता आपल्या लातूरच्या बाजारात हंगामात सोयाबीनचे ढीग लागतात, घरोघरी सोयाबीनचंच तेल असतं, त्यामुळं काही जणींनी ते तेलच लावायला सुरुवात केल्याचं मी ऐकलंय. त्याचा हार्मोनसारखा उपयोग शून्य. आयसोफ्लेव्होन तेलात उतरत नाहीत, ती पेंडीत राहतात. रिफाइंड तेलात तर जवळपास काहीच नसतं.

ब्राझीलमध्ये २०१३ साली सोयाच्या आयसोफ्लेव्होनचं ४ टक्के जेल करून ते १२ आठवडे योनीत वापरून बघितलं होतं. कोरडेपणा आणि दुखणं, दोन्ही इस्ट्रोजेन क्रीमच्या जवळपास कमी झालं, अस्तरही सुधारलं. म्हणजे कल्पना फोल नाही. पण ते जेल मोजून, ठरलेल्या मात्रेत बनवलेलं होतं. ऑनलाइन मिळणाऱ्या डबीवर 'सोया अर्क' एवढंच लिहिलेलं असतं, आयसोफ्लेव्होन किती ते नसतं.

आणि सोया खाऊन? डेडझिनचं इक्वॉल नावाच्या जास्त प्रभावी द्रव्यात रूपांतर आतड्यातले काही जंतू करतात, आणि ते सगळ्यांच्या पोटात नसतात. म्हणून एकीला फरक पडतो, दुसरीला नाही. आहार म्हणून सोयाबीन उत्तमच, भिजवून शिजवून जरूर खा. कोरडेपणाचा इलाज म्हणून त्यावर विसंबू नका.

डॉ_अजिंठा

वसू, छान लिहिलंत. यामबद्दल मी भर घालते, कारण फसवणूक तिथंच जास्त आहे.

याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. त्याच्या मेक्सिकोतल्या जंगली जातीत डायोस्जेनिन नावाचं द्रव्य असतं. रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञानं १९४० च्या दशकात त्यापासून प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉन बनवलं आणि हार्मोनची औषधं स्वस्त झाली. पण ते रूपांतर प्रयोगशाळेत होतं, माणसाच्या शरीरात होत नाही. यामचं क्रीम चोळून अंगात हार्मोन तयार होत नाही. उलट गंमत बघा, आज औषधाच्या दुकानात मिळणारं एस्ट्राडिऑल बहुतेक सोया किंवा यामपासूनच सुरू होऊन बनतं. म्हणजे 'वनस्पतिजन्य' म्हणायचं तर तेही वनस्पतिजन्य. घोडीच्या मूत्रातून काढलेलं वेगळं, कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेन, त्याचंही क्रीम मिळतं.

म्हणून झाडाचं की कारखान्याचं, या प्रश्नानं काही ठरत नाही. त्यात नेमकं काय आहे, किती आहे, आणि बायकांवर वापरून बघितलंय का, हे तीन प्रश्न विचारा.

जालन्याची_लेक

शांतपणे वाचतेय. माझ्या आईला (५८) हाच त्रास असावा. ती मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' आणते आणि लावते. वर्षानुवर्षं चाललंय. तिला विचारलं तर म्हणते, 'काही नाही गं, उष्णता हाय.' ही ट्यूब चालते का?

औषधवाली_तुळजापूर

जालन्याच्या ताई, त्या ट्यूबवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी वाचा. क्लोबेटासॉल किंवा बेक्लोमेथासोन असं दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड अशी मिसळ असलेल्या ट्यूबा आमच्या काउंटरवर सगळ्यात जास्त मागतात, चिठ्ठीशिवाय. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते म्हणून बाईला वाटतं हेच औषध. पण आधीच पातळ झालेली कातडी स्टेरॉइडनं आणखी पातळ होते. आईंना ती परस्पर लावू देऊ नका, डॉक्टरांना ट्यूब दाखवायला सोबत न्या.

अजून एक. तुरटीच्या पाण्यानं धुणं, डेटॉल घालून धुणं, सुगंधी वॉश, हे सगळं बंद. तुरटी आवळते आणि सुकवते. साबणानं पीएच आणखी चढतो. बाहेरून साधं पाणी पुरे, आतून धुवायचंच नाही.

डॉ_अजिंठा

अनुमोदन. आणि जालन्याच्या ताई, इतकी वर्षं खाज आहे तर आईला प्रत्यक्ष तपासून घ्याच. तिथं कातडी पांढरी, चकचकीत, कागदासारखी झाली असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा वेगळा आजार असू शकतो. त्यात मात्र तेच तेज स्टेरॉइड डॉक्टर स्वतः देतात, पण मोजून आणि नजरेखाली, गरज पडली तर तुकडा तपासून. रक्तातली साखरही बघा. मधुमेहात बुरशीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो आणि तो कोरडेपणात मिसळून जातो.

वैद्य_परळी

मी आयुर्वेदाची पदवीधर आहे, परळीत दवाखाना आहे. शतावरीचा विषय निघालाय म्हणून लिहिते.

हा त्रास आपल्या शास्त्राला नवा नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला तिसावा अध्याय पूर्ण योनिव्यापदांचा आहे. तिथं २० प्रकार सांगितलेत आणि त्यात 'शुष्का' आहे. वाताचा कोप मानून स्नेहन हा मुख्य उपाय, म्हणजे तूप आणि तेल, पोटातून आणि स्थानिकही. शतावरी घृत त्याच अध्यायात येतं. स्थानिक उपायात योनिपिचू असतो: औषधी तेलात किंवा तुपात भिजवलेला स्वच्छ कापसाचा बोळा काही वेळ आत ठेवायचा.

माझ्याकडं येणाऱ्या बायकांना पिचूनं ओलावा येतो, चुरचुर कमी होते, चालणं सुसह्य होतं, हे मी रोज बघते. पण मी त्यांना सरळ सांगते की पिचू हा स्नेह आहे. लघवीचा संसर्ग वारंवार होत असेल, अस्तर फारच पातळ झालं असेल, हात लावताच रक्त येत असेल, तर मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडं पाठवते. शतावरीचं चूर्ण पोटातून घेऊन योनीचं अस्तर जाड होतं असा दावा मी करत नाही. बळ, झोप, मनःस्वास्थ्य यासाठी मी ती देते.

घरी पिचू करणाऱ्यांना कळकळीनं सांगते: फडक्याच्या चिंध्या नकोत, घरचा कापूस उकळून वापरणं नको. निर्जंतुक गॉज वैद्याकडून घ्या, दोरा बाहेर राहील असं बांधा, आणि रात्रभर विसरून जाऊ नका.

विदारीकंदही काही जणी विचारतात. थायलंडमधला 'क्वाओ क्रुआ' त्याच वंशातला. त्याचं जेल योनीत वापरून तिथं अभ्यास झालाय. लक्षणं इस्ट्रोजेन क्रीमइतकीच कमी झाली, अस्तर मात्र इस्ट्रोजेन क्रीमनं जास्त सुधारलं. आणि त्या थाई कंदात इस्ट्रोजेनसारखं चांगलं तेज द्रव्य आहे, म्हणून तो 'हार्मोनविरहित' अजिबात नाही.

कयाधू (हिंगोली)

शेवटचं वाक्य माझ्यासारखीसाठी फार महत्त्वाचं आहे, वैद्यबाई.

मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. शस्त्रक्रिया, किमो सगळं होऊन आता लेट्रोझोल चालू आहे. कोरडेपणाबद्दल मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. केस जातील सांगितलं, उलट्या होतील सांगितलं, हे नाही. तीन महिन्यांच्या तपासणीला रांगेत बसलेल्या आम्ही बायका एकमेकींना विचारायचो, तेव्हा कळलं की सगळ्यांनाच आहे. मलाही नातेवाइकांनी 'झाडपाला आहे, त्याला काय होतंय' म्हणत अशीच एक डबी आणून दिली होती. डॉक्टरांना दाखवल्यावर त्यांनी स्पष्ट नको म्हटलं.

आमच्यासाठी काय आहे? डॉ. अजिंठा, सांगाल का?

डॉ_अजिंठा

ताई, लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्यांचं कामच अंगातलं इस्ट्रोजेन जवळपास शून्यावर आणणं आहे. त्यात बाहेरून थोडंही घालणं, मग ते क्रीममधून असो की कंदातून, तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही. काही जणींना, बाकी उपाय थकल्यावर, दोन्ही डॉक्टर मिळून अगदी कमी मात्रेचं इस्ट्रोजेन देतात. पण सुरुवात बिनहार्मोनी उपायांनी.

त्यात पहिला, योनीसाठीचं मॉइश्चरायझर. हे संबंधांसाठी नसतं, आठवड्यातून दोन-तीनदा नेमानं लावायचं. हायलुरॉनिक ॲसिडचं जेल यात चांगलं. २०१३ मध्ये चीनमध्ये ते दर तीन दिवसांनी लावून एस्ट्रिऑलशी तुलना केली होती, कोरडेपणातला फरक जवळपास सारखाच निघाला. दुसरं, जवळ येताना वेगळं वंगण, पाण्यावर आधारित किंवा सिलिकॉनचं. पाण्यावर आधारित घेताना ग्लिसरीन कमी असलेलं बघा. फार घट्ट, साखरट द्रव पेशींतलं पाणी ओढून घेतो आणि नंतर आग होते. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा वंगणांसाठी ऑस्मोलॅलिटी (द्रव किती घट्ट आहे याचं माप) १२०० च्या आत, शक्यतो ३८० च्या खाली ठेवा असं सांगितलंय.

तिसरं फार कमी जणींना माहीत असतं. दुखणं बहुतेकदा अगदी योनीच्या दाराशी असतं. तिथं लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं ४ टक्के पाणी कापसानं ३ मिनिटं लावून ठेवायचं आणि मग जवळ यायचं, यानं कॅन्सरमधून बाहेर आलेल्या बायकांना आराम पडल्याचं अभ्यासात दिसलंय. डॉक्टरांकडून जागा नीट समजून घेऊनच करा.

आणि मोठ्या शहरांत लेझरच्या जाहिराती चालू आहेत, त्यात पैसे घालू नका. अमेरिकेच्या नियामकांनी २०१८ मध्ये त्याबद्दल इशारा दिलाय. २०२१ च्या एका अभ्यासात खरं लेझर आणि खोटं खोटं केलेलं लेझर यांत वर्षभरानं काहीच फरक निघाला नाही.

सौ_निलंगा

आणि माझं खोबरेल तेल?

औषधवाली_तुळजापूर

ताई, बाहेरून लावायला हरकत नाही. पण निरोध वापरत असाल तर तेलानं रबर फाटतं. आणि आतून तेल वापरणाऱ्यांत बुरशीचे जंतू जास्त सापडलेत, व्हॅसलिननंही आतला तोल बिघडतो. तेल वरचेवर ओलावा देतं, पण अस्तर जाड करत नाही. म्हणून तुम्हाला सकाळी पुन्हा तेच होतं.

मालकांना हा धागाच वाचायला द्या. 'मन उडालं' आणि 'दुखतंय' यातला फरक त्यांना कुणीतरी सांगायला हवा.

बिंदुसरा (बीड)

मी परिचारिका हाय. इथं सगळ्या पन्नाशीच्या बायका बोलायल्यात म्हणून आमच्याकडचं सांगते.

आमच्याकडं हा त्रास घेऊन येणारी बाई तीस-पस्तीसची असती. ऊसतोडीला जाणारी, पिशवी काढलेली. २०१९ ला सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून जातंय, पोट दुखतंय, कामाला खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, मग काढून टाका. तिला कुणी सांगत नाही की पिशवीसोबत अंडाशयबी काढलेत का ठेवलेत. काढले असले तर काही दिवसांतच हार्मोन खाली येतं. ठेवले असले तरी तिची पाळी बंदच असती, तवा खरी पाळी जायची येळ कधी आली हे तिला कळतच नाही.

मग ती म्हणती, 'सिस्टर, खाली आग आग व्हायली.' फडात बाथरूम नाही, म्हणून पाणी पीत नाही. टँकरचं पाणी पुरवून वापरायचं. लघवी दाबून धरायची. दिवसभर पाचटात बसून काम. अशा बाईला कोरडेपणा, संसर्ग, खाज, सगळं एकदम असतं. आणि रात्री कोपीत नवरा. नाही म्हणायची सोय नाही. एक जण मला म्हणली, 'माझं वय गेलं का बाई?' वय तिचं बत्तीस.

तिला ऑनलाइन जेल काय आणि हायलुरॉनिक काय. डॉक्टरबाई, तिच्यासाठी काय?

डॉ_अजिंठा

सिस्टर, तुम्ही लिहिलंत ते इथं आधीच यायला हवं होतं.

अंडाशय काढलेली तीस-पस्तिशीतली बाई ही पाळी नैसर्गिकपणे गेलेल्या बाईपेक्षा वेगळी रुग्ण आहे. तिला फक्त खाली क्रीम देऊन भागत नाही. हाडं, हृदय, झोप सगळ्यालाच हार्मोन कमी पडतं. कॅन्सर किंवा गुठळ्यांसारखी अडचण नसेल तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत तिला हार्मोन पूर्ण शरीरासाठी द्यावं, असाच सल्ला असतो. गर्भाशय काढलेलं असल्यामुळं तिला प्रोजेस्टेरॉनची जोडही सहसा लागत नाही, नुसतं इस्ट्रोजेन चालतं. क्रीम त्याच्या जोडीला.

शस्त्रक्रियेचा कागद आधी मिळवा. त्यावर अंडाशयांचं लिहिलेलं असतं. कागद नसेल तर सोनोग्राफी. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, तिथल्या स्त्रीरोग विभागात पाठवा. इकडं संभाजीनगरच्यांना घाटीचं सरकारी रुग्णालय आहे, नांदेडला विष्णुपुरीचं.

मांजराकाठ

सिस्टर, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली दिवाळीनंतर आईसोबत तोडीला जातात. त्यांच्या आया हेच सोसत असतील हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

मी क्रीम सुरू करणार आहे. जाऊबाईंना डॉक्टरांचा आकडा वाचून दाखवला, त्या गप्प बसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, 'मलाबी लिहून घे त्या बाईकडून.' शतावरीचं दूध त्यांच्यासोबत घेत राहीन, पण ते दूध म्हणून.

वापरायचं कसं, एवढं नीट सांगा. कागदावर चित्र आहे पण समजत नाही.

डॉ_अजिंठा

रात्री झोपायच्या आधी. हात धुवा, पाठीवर आडव्या व्हा, गुडघे वाकवा. नळीत ०.५ ग्रॅमच्या खुणेपर्यंत क्रीम भरा, जेवढं सहज जाईल तेवढंच आत सरकवा, दांडा दाबा. नळीनं दुखत असेल तर पहिले काही दिवस वाटाण्याएवढं क्रीम बोटावर घेऊन दाराशी आणि जरा आत लावा. लघवीच्या तोंडाभोवतीही हलक्या हातानं लावा, तुमच्या संसर्गासाठी ते गरजेचं आहे. नळी कोमट पाण्यानं धुऊन वाळवून ठेवा, उकळू नका.

दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा, वार ठरवून. पहिल्या काही दिवसांत किंचित आग होऊ शकते, पातळ कातडीमुळं. त्यासाठी सोडू नका. फरक दोन-तीन आठवड्यांत कळायला लागतो, पूर्ण फायद्याला १२ आठवडे धरा. बरं वाटलं म्हणून बंद केलं की त्रास परत येतो, कारण मूळ कारण तसंच असतं. संबंधांच्या आधी वंगण म्हणून हे क्रीम लावू नका, ते औषध आहे आणि नवऱ्याच्या कातडीलाही लागतं.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, क्रीम चालू असो की नसो, लगेच दाखवायचं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर तुकडा तपासावा लागतो. हा डाग 'क्रीमची गरमी' म्हणून घरी कुणी ठरवू नये.

जालन्याची_लेक

आईशी बोलले. ट्यूबवर क्लोबेटासॉलच निघालं. यायला तयार आहे, पण म्हणते, 'डॉक्टरसमोर माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही.' ओपीडीत पडद्यापलीकडं माणसं उभी असतात, खरं आहे तिचं.

बिंदुसरा

ताई, आमच्याकडं मी बायकांना चिठ्ठी करून देते, ती केसपेपरमधी घालून टेबलावर ठेवायची. बोलायचं कामच नाही. आईसाठी लिहून घ्या: वय ५८. पाळी कधी गेली ते साल. पिशवी काढलीय का, काढली असली तर अंडाशय ठेवलेत का. खाली कोरडं पडतंय, खाज हाय, किती वर्षं. लघवीला आग होती का, रात्री किती वेळा उठती. जवळ येताना दुखतं का. मधी कधी रक्ताचा डाग लागला का. साखर, बीपी, आधी कुठला कॅन्सर. चालू गोळ्यांची नावं. ही ट्यूब इतकी वर्षं लावली, सोबत आणलीय. आणि सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात: 'कृपया पडदा ओढून आतून तपासा.' हे लिवल्याशिवाय गर्दीत नुसतं विचारून गोळ्या लिहून देतात.